नाईटचा आठवडा

दरवर्षी मार्चमध्ये मला एक मेल येतो. तुम्ही अजून शिकवता का, असं त्यात विचारलेलं असतं. शिकवत असाल तर पुरावा जोडा, म्हणजे आमचं सॉफ्टवेअर आणखी एक वर्ष फुकट. आपण आकडे भरायचे, ते रंगीत आलेख काढून देतं. कंपन्यांना त्याचे पैसे पडतात, शिक्षकांना मोफत. मी शाळेच्या ओळखपत्राचा फोटो पाठवते आणि दुसऱ्या दिवशी उत्तर येतं, 'अभिनंदन, मयुरा.' मशीन लिहितं ते, एवढं मला कळतं. पण नुसतं मयुरा म्हणणारं आता तेवढंच उरलं आहे. शाळेत मी मॅडम, पुण्याच्या भावाची ताई, आणि गल्लीत 'त्या कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाई'. मयुरा म्हणायची ती आई, आणि आई मागच्या दिवाळीच्या तोंडावर गेली.

आमची शाळा नागपुरात हिंगणा रोडवर, एमआयडीसीच्या पोटात. मी तिथे गणित शिकवते. संस्थेनं मध्यंतरी सगळ्या शिक्षकांना ऑनलाइन प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं, विषय 'शिक्षणात डेटा'. बाकीच्यांनी कॅमेरा बंद करून भाज्या निवडल्या. मी नेटानं शिकले, कारण अर्धवट काम माझ्या डोक्यात जातं. आईच्या खाटेशेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायची. आईला ते रंगीत खांब फार आवडायचे. 'हा उंचवाला कोनाचा वं?' असं ती विचारायची, आणि मी कोणा पोराचं नाव सांगितलं की म्हणायची, 'हुशार हाये बाप्पा.' मग तो खांब गैरहजेरीचा असला तरी मी तिला तसं सांगायची नाही.

आई रात्री दोनचारदा हाक मारायची. पाणी दे, कूस बदलून दे, कूलर बंद कर. तेव्हा मी वैतागायची. आता कोणी हाक मारत नाही आणि मला झोप लागत नाही. डॉक्टरांनी गोळी दिली. गोळीनं तोंड कडू झालं, झोप काही आली नाही. दुपारी पडून पाहिलं, तर घर एवढं गप्प की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकते.

म्हणून मी शाळेतच थांबायला लागले. आमचं हायस्कूल सकाळचं असतं, साडेबाराला सुटतं. मग कॉम्प्युटरची खोली रिकामी पडते. मी तिथे दुपारचा 'डेटा वर्ग' सुरू केला. यायची सक्ती नाही, परीक्षा नाही. पोरांनी स्वतः आकडे गोळा करायचे आणि फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघायचे. रोडवरून जाणाऱ्या मोटरसायकलींत हेल्मेटवाले किती, शाळेचा कोणता नळ जास्त गळतो, असलं काहीबाही. मी घरून चिवडा न्यायची. आणि पोरं यायला लागली हो! रोज दहा-बारा तरी असायचीच. चार वाजले, चपराशी किल्ल्या वाजवत उभा राहिला, तरी हलायची नाहीत.

मला काय वाटलं असेल ते सांगते. मला वाटलं, ही पोरं माझ्यासाठी येतात. रविवारी भावाचा फोन आला की मी मुद्दाम सांगायची, "अरे, पोरं घरी जायलाच तयार नसतात. माझ्यावाचून अडतं त्यांचं." भाऊ "वा वा" म्हणायचा आणि पाठीमागे टीव्हीवर मॅच चालू असायची.

त्यात मेघा माझी खास. नववीतली, किडकिडीत, बोलायला अगदी तोलूनमापून. दारापाशी चप्पल काढताना ती एक-एक चप्पल हातानं उचलून खाली ठेवायची, आवाज न करता. खुर्ची ओढायची नाही, उचलायची. तिच्यापाठोपाठ तिचा सातवीतला भाऊ रोशन, तोही तसाच. मी म्हणायची, काय संस्कार आहेत पोरांवर! एवढ्या वर्षांत मला इतकी शांत पोरं मिळाली नव्हती.

मार्च निम्मा झाला आणि आमच्या हेडमास्तरांनी, उन्मेष सरांनी मला बोलावलं. माझ्याहून बारा-चौदा वर्षांनी लहान आहेत, माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "मॅडम, दुपारची ती खोली संस्थेला स्पर्धा परीक्षेच्या वर्गासाठी हवी आहे. सचिव साहेब म्हणतात, तुमच्या वर्गाचा रिझल्ट काय ते दाखवा. शनिवारी मीटिंग आहे. मार्क वाढलेले दिसले तर खोली तुमची, नाही तर सोमवारपासून कुलूप."

"दाखवते की," मी म्हणाले. मला घाम फुटायला हवा होता, पण मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले होते. ज्या बाईला आख्खी शाळा पाठीमागे 'डेटावाली' म्हणते, तिला आलेख दाखवायला सांगायचं म्हणजे मासोळीला पोहायला सांगणं.

त्याच संध्याकाळी घरी बसले. वर्गाला येणाऱ्या पोरांचे मार्क एका रंगात, न येणाऱ्यांचे दुसऱ्या. दोन्ही रंगांचे खांब जवळजवळ सारख्याच उंचीचे निघाले. म्हणजे दिवाळीपासून मी घसा कोरडा केला, घरचा चिवडा खाऊ घातला, आणि मार्कांत फरक जेमतेम अर्ध्या मार्काचा, म्हणजे शून्य. परत केलं. चाचणी परीक्षा वगळून पाहिलं, इंग्रजी वगळून पाहिलं. शून्य ते शून्यच.

मग म्हटलं, हजेरी तर बघू. पोरं लॉगिन करतात तेव्हा कोण कधी आलं ते आपोआप नोंदलं जातं. एकूण हजेरीची रेघ सपाट होती, रोज दहा-बारा, छान. मग मी प्रत्येक पोराची रेघ वेगळी काढली. हे मी आधी कधी केलंच नव्हतं. दिसणाऱ्या डोक्यांची बेरीज भरली की मी खूश.

मेघाची रेघ एक आठवडा वर, रोज हजर. मग दोन आठवडे तळाला. परत एक आठवडा वर. रोशनची हुबेहूब तशीच. बाकीच्या पोरांचंही तेच, फक्त कोणाचा आठवडा आधी, कोणाचा नंतर. ही पोरं गेली की ती यायची, म्हणून बेरीज रोज सारखी. मी रोज भरलेली खोली पाहत होते आणि तीच पोरं आहेत असं धरून चालले होते. तीन आठवड्यांत दोन आठवडे मेघा माझ्याकडे यायची नाही, आणि मला, तिला खास म्हणणाऱ्या बाईला, ते कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेघा आली. चप्पल उचलून ठेवली, खुर्ची उचलून बसली. मी सरळ विचारलं, "मेघा, तू एक हप्ता येतं अन् दोन हप्ते गायब राहतं. काहून?"

तिनं रोशनकडे पाहिलं. "बाबाची नाईट राहते ना मॅडम."

"म्हणजे?"

"तीन हप्त्यात एक हप्ता कंपनीत नाईट लागते, बुधवार ते मंगळवार. तवा बाबा दुपारी झोपते. आमची एकच खोली हाये. आमी घरी असलो की त्याले झोप नाही भेटत. म्हणून आई म्हणते, तिकडंच बसा."

"आन् बाकीचे?"

"त्यायचंबी तसंच हाये. ज्याच्या बाबाची नाईट, थो येते."

खोलीतली सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. मला राग आला. खरं सांगायचं तर रडू आलं होतं, पण पन्नाशी ओलांडलेल्या बाईला वर्गात रडता येत नाही, ओरडता येतं. "तर मंग मी कायले इथं तोंडाची वाफ घालवून राहिली? वेटिंग रूम समजले का माझ्या वर्गाले? उठा! चला, निघा सगळे!" पोरं उठली. खुर्च्या उचलून जागेवर ठेवल्या आणि गेली. मी कुलूप घातलं, सनकोट चढवला, तोंडाला स्कार्फ गुंडाळला, गाडी काढली.

गेटाबाहेर पाहते तर पोरं घरी गेलीच नव्हती. समोरच्या कारखान्याच्या भिंतीला लागून हातभर सावली होती, तिच्यात रांगेनं उकिडवी बसली होती. नागपूरच्या मार्चमधलं दीड वाजताचं ऊन. रोशननं दप्तर डोक्यावर घेतलं होतं. मी गाडी थांबवली.

"घरी काहून नाही गेले?"

"चार वाजता जाऊ," मेघा म्हणाली.

मी मेघाला म्हणाले, "बस मागं. तुझं घर दाखव."

त्यांची वस्ती मागच्या बाजूला, नाल्याच्या अलीकडे. गल्लीच्या तोंडाशीच मेघा म्हणाली, "मॅडम, गाडी बंद करा ना. इथून ढकलत नेऊ." मी गाडी ढकलू लागले, ती मागून जोर लावत होती. गल्लीत भर दुपारी माणसं होती, पण आवाज नव्हता. बाया ओट्यांवर बसून खालच्या आवाजात बोलत होत्या. एक भाजीवाला हातगाडी घेऊन मुक्यानंच चालला होता, बाया हातानं खुणा करून त्याला थांबवत होत्या. आणि काही दारांवर कंपनीचे निळे शर्ट टांगलेले होते, उलटे, आतली शिवण बाहेर.

"हे काय वं?"

"उलटा शर्ट दिसला का समजाचं, अंदर नाईटवाला झोपला हाये. मंग कोनी कडी नाही वाजवत."

मी दारं पाहत गेले. हे विक्कीचं घर, मेघा हळूच सांगत होती, ते बंटीचं. शर्ट होता तिथलं पोर आत्ता भिंतीच्या सावलीत बसलेलं होतं. माझा कालचा आलेख त्या गल्लीत दारोदार टांगलेला होता.

मेघाची आई मायाताई ओट्यावर बसून लसूण सोलत होती. मला बघून दचकली, पदर सावरून उठली. "पोरीनं काही केलं का मॅडम?" तिनं विचारलं तेही कुजबुजत.

"नाही हो. सहजच आले."

दार अर्धं उघडं होतं. आत बाबासाहेबांच्या फोटोखाली चटईवर एक माणूस पाठ करून झोपला होता, डोळ्यांवर ओला रुमाल. खरकटी भांडी परातीत तशीच पडली होती, धुतली तर वाजतील म्हणून. मायाताईनं मला स्टीलच्या ऐवजी प्लास्टिकच्या ग्लासात पाणी दिलं.

"मॅडम, तुमची खोली चालू झाली तवापासून याले जराशी झोप भेटते," ती म्हणाली. "पत्रा दाबायच्या प्रेसवर हाये ना हा. मागच्या साली आमच्याच गल्लीतल्या एकाचा डोया लागला मशिनीवर. चार बोटं गेली. तवापासून नाईटच्या हप्त्यात मी पोरायले हूं की चूं करू देत नाही. पोरं हाये, किती दम धरन? तुमच्या खोलीत जाते तर मले घोर नाही राहत."

मी पाणी प्यायले. थोड्या वेळापूर्वी मी ती खोली बंद करून आले होते, कारण माझ्यासाठी कोणी येत नाही याचं मला वाईट वाटलं होतं. वाईट अजूनही वाटत होतंच, ते काही गेलं नव्हतं. पण आत त्या माणसाचा हात चटईबाहेर पडला होता आणि त्याची पाचही बोटं शाबूत होती. मी गाडी तिथेच ठेवून मेघाबरोबर चालत परत गेले, पोरांना उठवलं आणि खोली उघडली.

मीटिंगच्या आदल्या दिवशी उन्मेष सरांनी माझा आलेख पाहिला आणि डोकं खाजवलं. मग हळूच म्हणाले, "मॅडम, मार्कांचा खांब शून्यापासून कशाला सुरू करता? साठपासून करा. अर्ध्या मार्काचा फरक पण डोंगराएवढा दिसेल. सगळेच करतात." त्यांनी ते माझ्या भल्यासाठी सांगितलं, हे मला कळत होतं. करून पाहिलं. खरंच डोंगर दिसला. खोली वाचवायची तर ते एक बटण दाबायचं होतं.

रात्रभर विचार केला, जागी तर मी असतेच. पण माझ्याच्यानं होईना. दिवाळीपासून पोरांना मी एवढंच बजावत होते की खांब शून्यापासून उभा करायचा, नाही तर ती फसवणूक आहे. आणि मला वाटलं, गल्लीत जे पाहिलं ते सांगितलं तर त्या डोंगराची गरजच काय? कोणाच्याही काळजाला हात घालेल ते.

शनिवारी संस्थेचे सचिव गणपतराव पान लावून बसले होते. मी मार्कांचे शून्यापासूनचे खांब दाखवले आणि म्हणाले, मार्क वाढले नाहीत. मग पोरांच्या हजेरीच्या लाटा दाखवल्या. नाईटची पाळी, एकच खोली, उलटे शर्ट, प्रेस मशीन, चार बोटं, सगळं सांगितलं.

गणपतरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार चांगल्या आहात. पण शाळेनं पोरांना शिकवायचं की त्यांच्या बापांना झोपवायचं? उद्या हे बाहेर कळलं तर लोक म्हणतील, धर्मशाळा उघडली. मार्क वाढले असते तर मी एक शब्द बोललो नसतो."

उन्मेष सरांनी टेबलावरची वही ओढून ठराव लिहायला घेतला. सोमवारपासून कुलूप ठरलं. माझी पहिली संतापाची तिडीक सरांवर गेली, मग गणपतरावांवर, आणि घरी येईपर्यंत सगळी त्या साठपासूनच्या खांबावर येऊन थांबली. एक बटण, मयुरा. एक बटण दाबलं असतंस तर.

घरी कुलूप उघडलं, पुढची खोली, आतली खोली, आईची खाट. आईनंतर त्या घरात दूधवाल्याशिवाय कोणी आलं नव्हतं. मला इथे झोप येत नाही आणि गल्लीतल्या त्या बापांना तिकडे झोपायला जागा नाही. मी खाटेवर बसून राहिले. पोरांना इथेच आणावं हे आधीच का सुचलं नाही, असं मला वाटलं, आणि कारणही ठाऊक होतं. आईचं अंथरूण मी अजून काढलं नव्हतं.

रविवारी ते काढलं, उन्हात घातलं. मग गल्लीत जाऊन मायाताईला आणि बाकीच्या पोरांच्या आयांना विचारलं. माझं घर शाळेपासून फार लांब नाही, पोरं चालत येऊ शकतात. मायाताई म्हणाली, "पोरं तर्रास देईन मॅडम तुमाले." मी म्हणाले, "देऊ द्या."

सोमवारी ती आली. दाराबाहेर चपला उचलून ठेवल्या. लॅपटॉप माझा एकच, तो मधे ठेवून सगळी भोवती बसली. आमच्या गल्लीत कुत्री किती आणि कोणत्या घरापुढे जास्त भुंकतात, हे मोजायचं ठरलं. मी त्यांना सांगितलं, इथं मोठ्यानं बोललं तरी चालतं, इथं कोणी झोपलेलं नाही. पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसेना. मग रोशन हसला, मग कोणी चिवड्याचा डबा पाडला, मग विक्की आणि बंटीची कुत्र्यांवरून जुंपली. खाटेला टेकून मी ऐकत होते. कूलर चालू होता. आकडे चुकतायत, सांगायला हवं, असं मनात आलं, तेवढं आठवतं.

जाग आली तेव्हा ऊन कलून भिंतीवर गेलं होतं. मी खाटेवर आडवी होते, पायांवर माझाच दुपट्टा. खोली पूर्ण शांत होती, आणि क्षणभर वाटलं, गेली सगळी. मान वळवली तर सगळी तिथेच होती. लॅपटॉपभोवती डोक्याला डोकं लावून, ओठ हलत होते, आवाज नव्हता. फ्रिजचं बटण कोणीतरी बंद केलं होतं, खाली पाण्याचा ओघळ आला होता.

खुंटीवर माझा सनकोट नव्हता. पडल्यापडल्याच खिडकीतून पाहिलं. तो बाहेर दाराच्या कडीला टांगलेला होता, उलटा, आतली शिवण बाहेर.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कांदेबटाटेवाल्याचा भोंगा सुरू झाला. मेघा चटकन उठली, अनवाणीच धावली. तिचा दबका, पण रागावलेला आवाज मला ऐकू आला.

"ओ भाऊ, कोट नाही दिसून राहिला का? आमच्या मॅडम झोपल्या हाये."

भोंगा बंद झाला. मेघा पाय न वाजवता परत आत आली आणि खाटेकडे बघायला लागली. मी घाईनं डोळे मिटून घेतले.